मुलांच्या पुस्तकांची पारख

घरांत धान्य आणावयाचें झालें म्हणजे गृहिणी तें ओंजळींत घेऊन पाहते, खडा किती, कीड आहे कीं काय याची खात्री करून घेते आणि मगच पैसे मोजते. दुधांत पाणी आढळलें तर दूधवाल्याशीं तंटा होतो. परंतु त्याच घरांतील मंडळी मुलाकरितां पुस्तक घेऊं लागलीं म्हणजे वेष्टनावरील चित्र, मागील बाजूची किंमत आणि जाहिरातींतील 'बोधप्रद' हा शब्द, एवढ्या तीन गोष्टी पाहून व्यवहार पुरा करतात. आंतील मजकूर चाळून पाहणारा पालक विरळाच. वृत्तपत्रांची तऱ्हा याहून निराळी नाहीं. मोठ्यांच्या कादंबरीवर रकानेच्या रकाने खर्ची पडतात, कवितासंग्रहांवर वाद झडतात. मुलांच्या पुस्तकाचें नांव मात्र 'साभार पोंच' या मथळ्याखालीं एका ओळींत येतें व तेथेंच त्याचा निकाल लागतो. ज्या वाङ्मयावर पुढील पिढीची भाषा, कल्पना व न्यायबुद्धि पोसावयाची, त्याची पारख करण्यास कोणासच सवड नसावी, ही स्थिति शोचनीय आहे.

ह्या उदासीनतेचें कारण शोधण्यास दूर जावयास नको. मुलांचें पुस्तक एकजण लिहितो, दुसरा छापतो, तिसरा विकत घेतो आणि चौथा वाचतो. आणि ह्या चौथ्याचें मत कोणी विचारीत नाहीं. कायद्याच्या परिभाषेंत अठरा वर्षांखालील व्यक्तीस 'अज्ञान' म्हणतात. १८७२ च्या कराराच्या कायद्याप्रमाणें अज्ञानास करार करतां येत नाहीं. त्याच्या वतीनें पालक व्यवहार पाहतो. परंतु १८९० च्या पालक व पाल्य कायद्यानें पालक नेमण्याचा अधिकार न्यायालयास देतांना जी कसोटी घालून दिली, ती अज्ञानाच्या हिताची आहे. पालकाच्या सोयीस तेथें दुय्यम स्थान. पुस्तकाच्या व्यवहारांतहि हीच कसोटी लागू व्हावी. ग्रंथपरीक्षक हा या व्यवहारांत मुलाचा वकील होय. तोच गैरहजर राहिला तर निकाल एकतर्फी लागावयाचा, हें उघड आहे.

२००९ सालच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काच्या कायद्यावर पुष्कळ चर्चा झाली. पण त्याच्या परिशिष्टांतील एका बाबीकडे थोड्यांचेंच लक्ष गेलें. प्रत्येक शाळेंत ग्रंथालय असावें, त्यांत वर्तमानपत्र, नियतकालिकें व सर्व विषयांवरील पुस्तकें असावींत, आणि गोष्टींच्या पुस्तकांचाहि त्यांत समावेश असावा, असें तेथें स्पष्ट म्हटलें आहे. हा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलांत आला. त्यापूर्वीं, संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्कांच्या करारनाम्यांतील सतराव्या कलमानें मुलांच्या पुस्तकांच्या निर्मितीस व प्रसारास उत्तेजन देण्याचें कर्तव्य राष्ट्रांवर टाकलें होतें, आणि १९९२ सालीं भारत त्या करारनाम्यांत सामील झाला. म्हणजे गोष्टीचें पुस्तक मुलास मिळणें ही कोणाची मेहेरबानी राहिली नसून तो त्याचा हक्क झाला आहे. मात्र शाळेचें कपाट कोणत्या पुस्तकांनीं भरावें हें कायदा सांगत नाहीं, व त्यानें तें सांगूंहि नये. तें समाजांतील जाणत्यांचें काम. ज्या घरांत वाचूं लागलेलें हें पहिलेंच मूल आहे, तेथें शाळेच्या कपाटांतील पांचपन्नास पुस्तकें हेंच त्याचें सारें वाङ्मय. तीं नीरस, अशुद्ध व निर्जीव निघालीं तर पुस्तक म्हणजे असेंच असावयाचें असा समज करून घेऊन तें मूल पुन्हा त्या वाटेस जाणार नाहीं. सधन घरच्या मुलास एक पुस्तक वाईट मिळालें तर दुसरें मिळतें; गरिबाच्या मुलास ती दुसरी संधि बहुधा येत नाहीं. म्हणून पुस्तकांची निवड हा आम्ही न्यायाचा प्रश्न समजतों.

मराठींत मुलांसाठीं पुस्तकेंच नाहींत, अशी एक तक्रार नेहमीं ऐकूं येते. ती खरी नाहीं. सदाशिव काशीनाथ छत्रे यांनीं १८२८ सालीं 'बाळमित्र' व 'इसापनीतिकथा' मराठींत आणल्या, तेव्हांपासून ही परंपरा चालत आली आहे. विनायक कोंडदेव ओक यांनीं १८८१ सालीं 'बालबोध' मासिक काढलें व १९१४ सालीं देहावसान होईपर्यंत तें चालविलें. १९०६ सालीं वासुदेव गोविंद आपटे यांचा 'आनंद' निघाला. बडोद्यास सयाजीराव महाराजांनीं सक्तीच्या शिक्षणास ग्रंथालयांची जोड दिली, आणि 'सयाजी बालज्ञानमाला' प्रसिद्ध करवून मुलांच्या हातीं पुस्तकें दिलीं. पुढें भा. रा. भागवतांचा 'बालमित्र', १९५२ पासून मराठींत आलेला 'चांदोबा' आणि १९७१ सालीं बालभारतीनें सुरू केलेला 'किशोर' यांनीं पिढ्यान्पिढ्या मुलें वाचतीं केलीं. तेव्हां साठा आहे. उणीव आहे ती निवडीची. या साठ्यांतलें सकस कोणतें व भुसकट कोणतें हें सांगणारा कोणी नसल्यामुळें दोन्ही एकाच भावानें खपतात, आणि भुसकट स्वस्त असल्यामुळें अधिक खपतें.

निवड होते तेथेंहि एक जुना दोष आडवा येतो. आमचें बालवाङ्मय शाळाखात्याच्या ओसरीवर जन्मास आलें, आणि त्यामुळें 'यापासून बोध काय घ्यावा' हा एकच प्रश्न प्रत्येक पुस्तकास विचारण्याची आम्हांस संवय जडली. काव्य असो, साहस असो कीं शास्त्र असो, सर्वांस एकाच मापानें मोजावयाचें. वस्तुतः प्रत्येक प्रकाराचा धर्म निराळा, आणि म्हणून कसोटीहि निराळी. त्या कसोट्या कोणत्या, व त्यांवर उतरणारीं कांहीं पुस्तकें कोणतीं, हें येथें थोडक्यांत सांगतों.

प्रथम चित्रपुस्तकें. अक्षरओळख नसलेल्या मुलाचें हें पहिलें वाङ्मय. येथें चित्र हा मजकुराचा केवळ अलंकार असून भागत नाहीं. शब्दांनीं जें सांगितलें नाहीं तें चित्रानें सांगावें लागतें. शब्दांवर हात ठेवून केवळ चित्रांवरून मूल गोष्ट सांगूं लागलें तर पुस्तक उतरलें असें खुशाल समजावें. माधुरी पुरंदरे यांचीं 'राधाचं घर' व 'यश' हीं पुस्तकें आम्ही निःशंकपणें पुढें करतों. लेखिका व चित्रकर्ती एकच असल्यामुळें शब्द व रेषा यांचा तेथें संसार सुखाचा झाला आहे. घरांतील माणसें, त्यांची नित्याची कामें, मुलाच्या लहानसहान शंका, एवढ्याच सामग्रीवर त्यांनीं हें काम केलें आहे. साहित्य अकादमीनें २०१४ सालीं त्यांस बालसाहित्याचा पुरस्कार दिला तो यथायोग्यच होय. याउलट, ज्या पुस्तकावर चित्रकाराचें नांवहि छापलेलें नसतें, त्याच्या प्रकाशकानें चित्रास काय मोल दिलें असेल हें सांगावयास नको.

बालगीतांची परीक्षा कानानें करावी. तें मोठ्यानें म्हणून पाहावें. लय अडखळली तर कितीहि सद्विचार त्यांत भरलेला असो, तें गीत बाद समजावें. दांत घासा, खोटें बोलूं नका, आईचें ऐका, असे हुकूम यमकांत बसविले म्हणजे काव्य होतें, अशी समजूत अजूनहि कायम आहे. विंदा करंदीकरांनीं 'राणीची बाग', 'एकदा काय झाले', 'एटू लोकांचा देश' यांत तिला कधींच तिलांजलि दिली होती. प्रौढांसाठीं गंभीर काव्य लिहिणाऱ्या व पुढें ज्ञानपीठ पुरस्कार मिळविणाऱ्या कवीनें मुलांसाठीं लिहितांना आपली प्रतिभा हातचें राखून वापरली नाहीं. तर्काची मोडतोड करून हंसविणें हें मुलाच्या बुद्धीस दिलेलें आव्हान असतें, कारण मूळ तर्क ठाऊक असल्याखेरीज त्याची मोडतोड कळतच नाहीं.

परीकथा, लोककथा व प्राण्यांच्या गोष्टी यांचा सुकाळ आहे, आणि म्हणूनच तेथें अधिक सावध राहावें लागतें. पंचतंत्र व इसाप यांवर कोणाचीच मालकी नसल्यामुळें जो तो त्या गोष्टी आपल्या नांवानें पुन्हा छापतो. येथें पाहावयाचें तें सांगण्याची भाषा. बोलत्या माणसाचा आवाज तींत ऐकूं येतो काय? शेवटीं जोडलेलें 'तात्पर्य' काढून टाकलें तर गोष्ट उभी राहते काय? आणखी एक प्रश्न सुधारकांनीं अवश्य विचारावा. राक्षसीण नेहमीं काळी व राजकन्या नेहमीं गोरी, सावत्र आई नेहमीं दुष्ट, कष्ट करून पोट भरणारा नेहमीं मूर्ख व गादीवर बसणारा नेहमीं शहाणा, हे जुने संस्कार नव्या आवृत्तींत जसेच्या तसे उतरले आहेत काय? गोष्ट जुनी असल्यामुळें अन्याय जुना होऊन पवित्र ठरत नाहीं.

साहसकथा व घरगुती विनोदी कथा यांत मराठीनें नांव काढलें आहे. ना. धों. ताम्हनकरांचा 'गोट्या' व त्यांची 'चिंगी', आणि भा. रा. भागवतांचा बनेश फेणे ऊर्फ 'फास्टर फेणे' यांस मराठी मुलें आपले सोबती समजत आलीं. या प्रकाराची कसोटी अशी कीं, संकटांतून सुटका मुलानें स्वतःच्या अक्कलहुशारीनें करून घेतली पाहिजे. शेवटच्या पानावर मोठीं माणसें येऊन गांठ सोडवूं लागलीं तर तें साहस फुकट. भागवतांनीं ज्यूल व्हर्नच्या कादंबऱ्या 'चंद्रावर स्वारी', 'मुक्काम शेंडेनक्षत्र' अशा ठसठशीत नांवांनीं मराठींत आणल्या, त्याहि आज वाचण्याजोग्या आहेत. मात्र या वर्गांत मुलीच्या वाट्यास डबा भरून देण्याचें व घाबरून किंचाळण्याचें काम किती पुस्तकांत येतें, याची परीक्षकानें नोंद घ्यावी. 'चिंगी'सारखी खोडकर नायिका मराठीस इतक्या पूर्वीं लाभली असतां पुढच्या लेखकांनीं माघार कां घ्यावी, हें आम्हांस उमगत नाहीं.

शास्त्रीय पुस्तकांत सत्याखेरीज दुसरी कसोटी नाहीं, आणि शास्त्रांतील सत्य आवृत्तीगणिक तपासून पाहावें लागतें. २००६ सालीं प्लूटो ग्रहांच्या यादींतून वगळला गेला. त्यानंतर छापलेलें पुस्तक जर नऊ ग्रह मोजीत असेल, तर तें केवळ छपाईनें नवें आहे. २३ ऑगस्ट २०२३ रोजीं चांद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवानजीक उतरलें. त्यानंतरच्या अंतराळविषयक पुस्तकांत त्याचा पत्ता नसेल तर तेंहि तसेंच. जयंत नारळीकरांनीं १९७४ सालीं टोपणनांवानें विज्ञानकथेच्या स्पर्धेंत उतरून बक्षीस मिळविलें, आणि पुढें जन्मभर मराठींतून विज्ञान सांगितलें. जगन्मान्य शास्त्रज्ञ स्वभाषेंत मुलांशीं बोलतो, तेव्हां 'मराठींत शास्त्र सांगतां येत नाहीं' या सबबीची वाचाच बसते. अनिल अवचटांचें 'सृष्टीत गोष्टीत' हेंहि निसर्गाकडे डोळे उघडून पाहावयास लावणारें पुस्तक. साहित्य अकादमीनें २०१० सालीं बालसाहित्याचे पुरस्कार सुरू केले, तेव्हां मराठींतील पहिला मान त्यास मिळाला.

चरित्रें व इतिहास यांची स्थिति सर्वांत असमाधानकारक आहे. थोर पुरुषांच्या बाळपणींची एखादी आख्यायिका, दोन चार विशेषणें आणि पुण्यतिथि, एवढ्यावर आमचीं बालचरित्रें संपतात. टिळकांच्या चरित्रांतील शेंगांच्या टरफलांची गोष्ट प्रत्येक मुलास पाठ असते. परंतु १८९७ व १९०८ या दोन्ही वेळीं त्यांच्यावर राजद्रोहाचा खटला कोणत्या लेखांमुळें झाला, दुसऱ्या खटल्यांत त्यांनीं स्वतःची बाजू स्वतः कशी मांडली, आणि ज्यूरीचें एकमत नसतांहि सहा वर्षांची शिक्षा कशी झाली, हें दहा वर्षांच्या मुलास समजेल अशा भाषेंत सांगण्यास काय हरकत आहे? सावित्रीबाई फुले यांनीं १८४८ सालीं पुण्यास मुलींस शिकविण्यास आरंभ केला, येथेंच पुस्तकें थांबतात; १८९७ च्या प्लेगांत रोग्यांची शुश्रूषा करतां करतां त्यांनीं देह ठेवला, हें कितीकांत येतें? महाडच्या तळ्यावर २० मार्च १९२७ रोजीं डॉ. आंबेडकरांनीं ओंजळभर पाणी कां प्यालें, हें सांगावयाचें तर तें पाणी कोणीं व कां नाकारलें होतें हेंहि सांगावें लागेल. आणि तेथेंच आमच्या लेखकांची लेखणी अडखळते. मुलांस खरें सांगितल्यानें तीं बिघडतात हा भ्रम होय. आख्यायिका असेल तेथें ती आख्यायिका आहे असें म्हणावें, आणि घडलें असेल तें न लपवितां लिहावें, एवढीच आमची मागणी आहे.

भाषांतरांविषयीं नाक मुरडण्याचें कारण नाहीं. आमच्या बालवाङ्मयाचा आरंभच भाषांतरानें झाला. तेत्सुको कुरोयानागी यांचें 'तोत्तोचान' चेतना सरदेशमुख-गोसावी यांनीं मराठींत आणलें. तें मुलांइतकेंच शिक्षकांनींहि वाचावें. शांता शेळके यांची 'चौघीजणी' परकी मुळींच वाटत नाहीं. सोव्हिएत राष्ट्रांतून येणारीं सचित्र मराठी पुस्तकें १९९१ नंतर बंद झालीं, तरी स्वस्त पुस्तक हें सुंदरहि असूं शकतें हा धडा तीं देऊन गेलीं. भाषांतराची कसोटी क्रियापदांत असते. तीं मराठी असतील तर बाकीचें निभावून जातें. भाषांतरकाराचें नांव व मूळ ग्रंथाचें नांव नसेल, किंवा संक्षेप केला असूनहि तसें सांगितलें नसेल, तर ती वाचकाची फसवणूक समजावी.

राहतां राहिलें 'श्यामची आई'. साने गुरुजींनीं १९३३ सालीं नाशिकच्या तुरुंगांत लिहिलेलें हें पुस्तक १९३५ सालीं बाहेर आलें, आणि अनेक घरांत मुलास दिलेलें तें पहिलें व शेवटचें पुस्तक ठरलें. त्याची थोरवी आम्हांस मान्य आहे. परंतु एका पुस्तकावर सारें बाळपण काढावें, असें गुरुजींनीं कोठेंहि सांगितलें नाहीं. श्यामचें घर कोंकणांतलें व एका विशिष्ट चालीरीतीचें. मेंढपाळाच्या, ऊसतोड कामगाराच्या, गिरणगांवांतल्या, सातपुड्यांतल्या मुलासहि आपलें घर, आपली बोली, आपली आई पुस्तकांत कधीं तरी भेटली पाहिजे. आमचें बहुतेक बालवाङ्मय पुणें-मुंबईच्या पांढरपेशा वस्तींतून बाहेर पडत नाहीं, हा आरोप खोडून काढणें कठीण आहे. ज्या मुलास पुस्तकांत आपल्यासारखें कोणीच दिसत नाहीं, त्यास पुस्तक ही परक्याची मालमत्ता वाटली तर नवल काय?

कोणी म्हणेल, मुलें मोबाइलच्या आहारीं गेलीं असतां हातीं येईल तें पुस्तक वाचलें तरी पुष्कळ झालें, चिकित्सा कशाला? आमचें उत्तर असें कीं, स्पर्धा इतकी प्रबळ आहे म्हणूनच पुस्तक चांगलें हवें. दुसरा आक्षेप येतो तो प्रकाशनाच्या धंद्याकडून: मराठींत खप थोडा, त्यांत टीका केली तर प्रकाशक टिकावा कसा? परंतु निवडीच्या अभावीं नुकसान होतें तें चांगल्या प्रकाशकाचेंच. उत्तम कागद, चित्रकाराचा मोबदला व मुद्रितशोधन यांवर त्यानें केलेला खर्च कोणाच्या नजरेसच येत नसेल, तर तो पुढच्या खेपेस कां करावा?

तेव्हां करावयाचें काय? प्रत्येक दैनिकानें आठवड्यांतून एक रकाना मुलांच्या पुस्तकांस राखून ठेवावा. परीक्षणाखालीं परीक्षकाचें नांव, तसेंच पुस्तकाचें प्रकाशनवर्ष, किंमत, चित्रकार व भाषांतरकार यांचीं नांवें, आणि तें कोणत्या वयास योग्य हें छापावें. परीक्षकाचा प्रकाशकाशीं आर्थिक संबंध असल्यास तो उघड करावा. वाईट पुस्तकास वाईट म्हणण्यास भिऊं नये. शाळांसाठीं पुस्तकें निवडणाऱ्या समित्यांनीं आपल्या याद्या कारणांसह प्रसिद्ध कराव्यात, कारण तो पैसा जनतेचा आहे. समितींत वर्गांत प्रत्यक्ष शिकविणारे शिक्षक असावेत, आणि कोणतें पुस्तक मुलांनीं पुन्हा मागून नेलें व कोणतें कपाटांतच पडून राहिलें, याची ग्रंथालयाच्या वहींतील नोंद त्यांच्यापुढें पुरावा म्हणून यावी. साक्षीदार म्हणून मुलाइतका प्रामाणिक दुसरा कोण सांपडणार? पालकांनींहि खर्चाची सबब सांगूं नये. 'किशोर'चे जुने अंक बालभारतीनें संकेतस्थळावर विनामूल्य ठेवले आहेत, आणि गांवोगांवचीं सार्वजनिक वाचनालयें अजून उघडीं आहेत.

मराठी भाषेच्या भवितव्याबद्दल सभासंमेलनांतून चिंता व्यक्त करणाऱ्यांची संख्या मोठी आहे. त्यांतील प्रत्येकानें वर्षाकाठीं मुलांचीं दहा पुस्तकें स्वतः वाचून त्यांपैकीं तीन जवळच्या शाळेच्या कपाटांत ठेवलीं, आणि उरलेलीं सात कां नाकारलीं हें लिहून कळविलें, तर ठरावांपेक्षां अधिक काम होईल. ज्या मुलाच्या हातांत आज चांगलें मराठी पुस्तक पडलें, त्यास मोठेपणीं मराठी टिकवा म्हणून विनवण्या करण्याची पाळी येणार नाहीं.